मदत हवी आहे: सीएनजी ट्रक सकाळी उचलत नाही, रिड्युसर बदलू का?

मंडळी, गाडी सहा चाकी आहे, निव्वळ सीएनजीवर चालणारी. पेट्रोलची टाकी नाही, त्यामुळे पेट्रोलवर सुरू करायचा मार्ग बंद. ओतूरकडचा भाजीपाला माळशेज उतरून वाशी मार्केटला नेतो.

थंडी पडल्यापासून रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पाच-सहा सेल्फनंतर इंटेकमधून (इंजिनात हवा जायच्या वाटेतून) ‘फट्’ असा बार होतो, मग मिसिंग मारत (एखादा सिलिंडर न पेटता, अडखळत) सुरू होते आणि मिनिटाभरात सरळ. नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फला उचलते. जुनी डिझेल गाडी उतारावर लावायची आणि सोडायची, एवढंच माहीत होतं. हिच्यापुढे हात टेकलेत.

आत्तापर्यंत केलेलं: प्लग नवे, बॅटऱ्या नव्या. सगळ्या जॉइंटला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. रात्री काटा १४० बारवर होता, सकाळीही तिथेच. मिस्त्री म्हणतात रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गेला. किंमत ऐकून घाम फुटला. बदलू का?

प्रतिसाद १
दादा, थांबा. बार होतो याचा अर्थ गॅस इंजिनपर्यंत पोहोचतोय, फक्त वेळेवर पेटत नाही. रिड्युसर मेला असता तर दिवसभर घाटात गाडीने ओढ धरली नसती. सिलिंडरमधला २०० बारपर्यंतचा दाब तो काही बारवर आणतो, आणि लोडवर तर त्याची खरी परीक्षा असते.

सकाळी पहिल्या सेल्फच्या आधी स्कॅनर लावा. गरम गाडीला लावून काहीच कळणार नाही. सेल्फ मारताना दोन आकडे बघा: आरपीएम आणि रेलचा (इंजेक्टरना गॅस पुरवणाऱ्या नळीचा) गॅस प्रेशर. आरपीएम शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर, कारण इंजिन फिरतंय हे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळल्याशिवाय तो गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. प्रेशर कंपनीच्या आकड्याला टेकत असेल तर रिड्युसर निर्दोष.

आणि एक, लागोपाठ सेल्फ मारू नका. न जळलेला गॅस इंटेकमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतो, तोच बार होतोय. एखाद्या दिवशी एअर फिल्टरचा डबा फुटेल.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. बॅटऱ्या नव्या असल्या तरी सेल्फ फिरताना व्होल्टेज मोजा. २४ व्होल्टच्या गाडीत १९ च्या खाली गेलं तर इंजिन-चासीचं अर्थिंग खरवडून घट्ट करा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. सेल्फने व्होल्टेज खाल्लं की ठिणगी देणारी कॉइल लंगडी पडते.

माझा खरा संशय मात्र तेलावर. पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडं थोडं गाडीत येतं. गॅस फिल्टरची वाटी शेवटची कधी उघडली? ते तेल इंजेक्टरपर्यंत गेलं की थंडीत चिकट होतं, इंजेक्टर नीट उघडझाप करत नाहीत. इंजिन तापलं की मोकळे. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. उघडण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. जवळ बिडी-काडी नको, आणि हे काम सीएनजीवाल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

जाता जाता, पाच मिनिटांनी रिड्युसर हाताला कोमट लागतो का? दाब उतरताना गॅस थंड होतो, म्हणून इंजिनचं पाणी त्यातून फिरवलेलं असतं. त्याच्यावर दव किंवा बर्फ धरत असेल तर पाण्याच्या पाइपात हवा अडकलीय.

धागाकर्ता
आभारी आहे. पहाटे साडेपाचला मिस्त्रींना चहाचं आमिष दाखवून घरी आणलं. आरपीएम येतोय, प्रेशरही पुरेसा. रिड्युसर कोमट. व्होल्टेज १८ पर्यंत पडत होतं. चासीकडचा अर्थिंगचा बोल्ट गंजून हिरवा झालेला. आणि फिल्टरच्या वाटीत चहाच्या अर्ध्या कपाएवढं काळपट तेल!

अर्थिंग घासलं, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. आज दुसऱ्या सेल्फला उचलली, बार नाही. पण एक इंजेक्टर अजून सुस्त वाटतोय, पहिलं अर्धं मिनिट मिसिंग आहे. तो एकटा बदलला तर चालतो, की पूर्ण सेटच घ्यावा लागतो?

प्रतिसाद २
आधी त्याची जागा शेजारच्याशी बदलून बघा. मिसिंग त्याच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर इंजेक्टर, जागेवरच राहिलं तर त्या सिलिंडरची कॉइल.