लायलॅकची छाटणी: वेळ चुकतेय

लायलॅकचं (सुवासिक फुलांचे तुरे येणारं फुलझाड) झुडूप हिरवंगार आहे, पण दोन वर्षं फूल नाही आणि छाटणी दर हिवाळ्यात करता, असं तुम्ही लिहिलंय. घोटाळा तिथेच आहे. लायलॅकच्या वसंतातल्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. पानं गळल्यावर फांदीचं टोक जवळून बघा, दोन टपोरे डोळे शेजारी शेजारी बसलेले दिसतील. तेच तुमचे तुरे! हिवाळ्यात कात्री लावली की नेमके तेच जातात, फार जीवावर येतं हे बघताना. छाटायचं ते फुलं सुकल्या सुकल्या. जुनाट, जाड खोडं असतील तर दरवर्षी त्यातली एक तृतीयांश बुडापासून काढा, सगळी एकदम नकोत. रोज किमान 6 तास ऊन हवंच. नत्राचं खत मात्र आवरा, त्याने नुसता पाला माजतो.