विकास मंडळं गेली ते बरंच झालं म्हणणाऱ्यांना

पैनगंगाकाठ:
काल इथं एकाने लिहिलं की विदर्भ-मराठवाड्याची विकास मंडळं संपली ते बरंच झालं, इतकी वर्षं अनुशेष अनुशेष (म्हणजे मागे पडलेल्या भागाची विकासातली तूट) करून पैसा ओतला आणि तिकडची पोरं शेवटी पुण्यातच येतात, मग तो पैसा सरळ पुण्यात घरं बांधायला लावा. वाचून डोकं उठलं म्हणून लांबलचक लिहितोय.

राज्यातला कुठला भाग किती मागे ते मोजायला नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ ला अनुशेष मोजला, ३,१८६ कोटी. मंडळं आली १९९४ ला. मधल्या दहा वर्षांत दरी वाढतच गेली. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मुळे राज्यपालांवर निधीच्या समन्यायी वाटपाची जबाबदारी आली, प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेत ठेवावा लागायचा. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ ला मंत्रिमंडळाने पुन्हा मंडळं स्थापायचं ठरवलं, निर्णय झाला तरी पुढची वाट बघतच बसावं लागलं. मंडळ नाही म्हणजे विचारणाराच नाही.

आणि पोरं पुण्यात हौसेने येतात का? वाकडला दोन खोल्यांत सहा जण राहायचो आम्ही, सगळे बुलढाणा-वाशिम-अकोल्याचे. गावाजवळ निम्म्या पगाराची नोकरी असती तरी चार जण तरी परत गेले असते.

कोथरूडची_गल्ली:
ती पोस्ट माझीच. भावनेवर नको, कामावर बोला. पुसदचे वसंतराव नाईक अकरा वर्षं मुख्यमंत्री होते, नागपूरचे फडणवीस झाले, एम्स नागपूरला, आयआयएम नागपूरला, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला. अजून किती? इकडे आमच्या भाच्याला हिंजवडीच्या आसपास घर परवडत नाही, टँकरचं पाणी विकत घेतो, आणि पुण्याला सगळं आयतं मिळतं असं ऐकून घ्यायचं.

पैनगंगाकाठ:
नागपूरला आलं म्हणजे वाशिमला आलं का साहेब? वाशिम आणि गडचिरोली केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहेत. एम्सला पोचायला आमच्याकडून अर्धा दिवस जातो.

सातपुडा_पायथा:
हेच तर मी कधीचं म्हणतोय! त्याच यादीत नंदुरबार पण आहे, पण मंडळांच्या हिशोबात आम्ही "उर्वरित महाराष्ट्र", म्हणजे पुण्याच्या पंगतीत. दांडेकरांच्याच आकड्यात एक तृतीयांशाहून जास्त अनुशेष उर्वरित महाराष्ट्राचा होता, ते कोणी बोलत नाही. आमचे धडगाव-अक्कलकुवा तालुके आणि पुण्याचा हवेली एका खात्यात मोजले की सरासरी छान दिसते आणि आमचं कुपोषण त्यात बुडून जातं. तालुका धरा, विभाग नको.

बालाघाटची_लेक:
दादा बरोबर बोलले. तालुका धरून काम होतं याचा दाखला आहेच की, राज्याचं मानव विकास मिशन, २२ जिल्ह्यांतले १२५ मागास तालुके. त्याच्याच त्या निळ्या एसटी, शाळेच्या मुलींसाठी. आमच्या गावात सातवीनंतर मुलींची शाळा सुटायची, कारण पुढची शाळा सहा किलोमीटर आणि रस्त्यात वस्ती नाही. बस सुरू झाली आणि माझी धाकटी बहीण बारावीपर्यंत गेली, पुढे नर्सिंग केलं. टॅलेंट टॅलेंट म्हणता ना, ते असं एका बसने येतं. मोठी इमारत नको.

कोथरूडची_गल्ली:
बसचं मान्य. असल्या कामाला माझा विरोध नाहीच. माझा विरोध घरकुलाच्या नावाने पैसे वाटण्याला आहे. बांधून दिलेल्या घरात गुरं बांधतात, स्वतः जुन्याच घरात राहतात.

कयाधू_काठचा:
ओ भाऊ, घरकुलाचं बोललात म्हणून लिहितो. १ लाख २० हजार मिळतात, सपाट भागात. वर रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी. तेवढ्यात तुमच्याकडे बाथरूम तरी होईल का? आमच्या काकाचं घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडलं, जोत्यापर्यंत बांधलं, मग पुढचा हप्ता यायला फोटो पाहिजे, फोटो काढणारा माणूस येईना. तेवढ्यात पाऊस लागला, जोत्यात गुडघाभर पाणी. सगळं घर शेळ्यांच्या पत्र्याखाली, काकू बाळंतपणाला आलेल्या लेकीला घेऊन तिथंच. तुम्ही म्हणता गुरं बांधतात!

कोथरूडची_गल्ली:
एका घराचं उदाहरण म्हणजे पुरावा नाही.

कयाधू_काठचा:
मग तुमच्या गुरांचा पुरावा कुठंय? वाळूचं ऐका अजून. घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट. पास हातात, पण नदीवरच्या जवळच्या वाळूघाटाचा लिलावच नाही, लांबून आणायची तर वाहतूक आपल्याच खिशातून. ट्रॅक्टरवाला जे मागेल ते द्यायचं, नाहीतर चोरीची घ्यायची आणि रात्रभर धास्तीत राहायचं.

सातपुडा_पायथा:
वाळूचा विषय काढू नका, वेगळा धागा लागेल. आमच्याकडे तर डोंगरात ट्रॅक्टरच चढत नाही, शेवटचा टप्पा डोक्यावर.

बालाघाटची_लेक:
२०२५ ला राज्याने वर पन्नास हजार वाढवले ना?

कयाधू_काठचा:
वाढवले. सिमेंट-सळई त्याच्याआधीच वाढले होते.

पैनगंगाकाठ:
अरे मूळ मुद्दा मंडळांचा होता, सगळे वाळूत रुतले! पण आता तेच धरून सांगतो. हप्ता वेळेवर का येत नाही, घाटाचा लिलाव का नाही, कुठल्या तालुक्यात किती घरकुलं अर्धी पडली, हे आकड्यासकट विचारायला कोणीतरी पाहिजे. त्यासाठीच मंडळ म्हणतोय मी.

कोथरूडची_गल्ली:
मंडळं होती तेव्हा तरी कोणी विचारत होतं का? सव्वीस वर्षं होती. जोत्याचा किस्सा वाईट आहे, गुरांचं वाक्य मागे घेतो. पण मंडळाला पैसा द्यायला माझी तयारी नाही, तालुक्याला द्या आणि ग्रामसभेत हिशोब वाचा.

पैनगंगाकाठ:
तालुक्याला द्या, ठीक. पण तालुक्याचा पैसा वर्षाअखेरीस दुसरीकडे वळवला तर राज्यपालांपर्यंत कोण जाणार, ते आधी सांगा. सरपंच?

सातपुडा_पायथा:
मंडळ करायचंच असेल तर नंदुरबारला उर्वरित मधून आधी बाहेर काढा, मग मी तुमच्या बाजूने. तोवर नाही.