मदत हवी आहे : ओपनसीव्ही सोर्सवरून कंपाइल होत नाही

धरमपेठ_विद्यार्थी
नमस्कार. गेले तीन दिवस मी ओपनसीव्ही (चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी) मूळ कोडवरून कंपाइल करीत आहे आणि प्रत्येक वेळी काम साठ ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान बंद पडते. कॅमेऱ्याने संत्र्यांची प्रतवारी करणे हा माझा प्रकल्प असून नागपूरच्या कळमना बाजारातून आणलेल्या मृग बहाराच्या फळांची छायाचित्रे मी उन्हाळ्यापूर्वीच काढून ठेवली आहेत. सूचना जशाच्या तशा पाळल्या आहेत. प्रकल्प याच महिन्यात द्यायचा असल्याने उपाय लवकर सांगावा.

महालकर
'बंद पडते' एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही. कोणती प्रणाली, रॅम किती आणि आदेश कोणता दिला, हे लिहा. एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल होत असताना एक फसली तरी बाकीच्या थोडा वेळ चालूच राहतात, म्हणून खरी चूक शेवटच्या ओळीत नसते. वर सरकत जाऊन पहिली चूक शोधा.

अंबाझरी_७
मे महिन्यातला नागपूरचा उकाडा हेच कारण असणार. माझा संगणक दुपारी असाच बंद पडत असे. पंख्यातील धूळ काढून थर्मल पेस्ट बदलल्यावर तो सुरळीत चालू लागला. काम रात्री करा.

महालकर
उष्णतेने संगणक मंदावतो किंवा पूर्ण बंद होतो. येथे फक्त कंपाइल थांबते आहे, त्यामुळे हे कारण मला पटत नाही.

सदर_पायथन
मुळात कंपाइल करण्याची गरजच काय? पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) तयार पॅकेज दोन मिनिटांत बसते. सिफ्टसाठी (चित्रातील ठळक खुणा शोधण्याच्या पद्धतीसाठी) करीत असाल, तर त्याचे पेटंट २०२० मध्ये संपले असून ४.४.० पासून ते मुख्य लायब्ररीतच आहे.

धरमपेठ_विद्यार्थी
सिफ्ट नको आहे. मला डीएनएन (न्यूरल नेटवर्कचे) मॉड्यूल ग्राफिक्स कार्डावर चालवायचे आहे आणि पिपच्या पॅकेजमध्ये कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणन करण्याची सोय) नसते. उबुंटू २२.०४, रॅम ८ जीबी, कार्ड जीटीएक्स १६५०, आदेश 'मेक -जे१२' (एकाच वेळी बारा कामे). वर सरकल्यावर 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस' (म्हणजे सी++ कंपायलर मध्येच मारला गेला) अशी ओळ सापडली.

महालकर
ही ओळ पहिल्याच दिवशी दिली असती, तर आपले तीन दिवस वाचले असते. कोडमध्ये चूक नाही, मेमरी संपली आहे. बारा कंपायलर एकदम सुरू झाले आणि त्यांतील काही मोठ्या फाइलींना प्रत्येकी एक जीबीहून अधिक जागा लागली, की लिनक्स कर्नल स्वतःच एखादी प्रक्रिया मारून टाकते. 'डीमेसेज' या आदेशाने कर्नलच्या नोंदी पाहा, त्यांत ते दिसेल. '-जे२' द्या आणि ८ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) जोडा. बिल्ड फोल्डर पुसू नका, झालेले काम वाया जाणार नाही.

सदर_पायथन
स्वॅपमुळे फार वेळ लागतो. रॅम वाढवणे हाच खरा उपाय आहे.

महालकर
विद्यार्थ्याला आज खर्च करायला सांगण्यापेक्षा रात्रभर संगणक चालू ठेवायला सांगणे मला योग्य वाटते. वेळ वाचवायचाच असेल, तर सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी ठरवणाऱ्या साधनात) 'कुडा आर्च बिन' हा कार्डाच्या रचनेचा क्रमांक ७.५ ठेवा, म्हणजे इतर कार्डांसाठीचा कोड तयारच होणार नाही; मात्र त्यासाठी कुडाचे भाग पुन्हा कंपाइल होतील. ओपनसीव्ही आणि कॉन्ट्रिब (तिच्या जादा मॉड्यूल्सचा वेगळा संच) यांची आवृत्ती एकच आहे ना, तेही तपासा. कुडाची मॉड्यूल्स कॉन्ट्रिबमध्येच असतात.

गोरेवाडा_प्रकाश
संत्र्यांचा रंग मोजण्यासाठी आरजीबीऐवजी (लाल, हिरवा, निळा) एचएसव्ही (रंगछटा, गडदपणा, उजळपणा) वापरा. ओपनसीव्हीत ह्यू (रंगछटा) ० ते १७९ असतो, ३६० पर्यंत नाही. त्यात मी स्वतः फसलो होतो.

धरमपेठ_विद्यार्थी
'-जे२' आणि स्वॅप यांच्या साहाय्याने पहाटे शंभर टक्के पूर्ण झाले. महालकर सर, मनापासून आभार. आता छायाचित्र दाखवण्याची खिडकी उघडत नाही. 'रिबिल्ड द लायब्ररी विथ जीटीके' (खिडक्या दाखवणाऱ्या जीटीकेसह लायब्ररी पुन्हा तयार करा) असा संदेश येतो.

महालकर
सीमेकच्या अहवालात 'जीयूआय' या शीर्षकाखाली काय लिहिले आहे?

धरमपेठ_विद्यार्थी
'नन' (काहीच नाही) असे लिहिले आहे. जीटीकेचे डेव्ह पॅकेज बसवून सीमेक पुन्हा चालवतो.