तडजोडीची रक्कम घेतल्यास ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता मिळेल काय?

मकरपुरा_ऑपरेटर (एप्रिल २०२४)
बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी सहा वर्षे मशीन ऑपरेटर होतो. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी मला गेटवरूनच परत पाठवण्यात आले. लेखी आदेश नाही, आरोपपत्रही नाही. लेबर ऑफिसातील बैठकांनंतर कंपनी आता १,६०,००० रुपये एकरकमी देण्यास तयार झाली आहे. मात्र मसुद्यात ‘कामगार तडजोडीच्या तारखेपासून स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ असे वाक्य आहे. माझा पगार १८,४०० रुपये होता व ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, नियमित कापले जात होते. ही रक्कम घेतल्यास अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा भत्ता बुडेल काय, किंवा तेवढा कमी होईल काय? सोमवारी सही करायची आहे.

श्रमसल्लागार
रकमेमुळे भत्ता कमी होणार नाही. मागील चार अंशदान कालावधींतील (प्रत्येकी सहा महिने, म्हणजे दोन वर्षांतील) एकूण वेतनाला ७३० ने भागून जी दैनिक सरासरी येते, तिच्या निम्मा भत्ता जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो. त्या हिशेबात भरपाई कुठेच येत नाही. आपल्या पगारावर तो दिवसाला सुमारे ३०२ रुपये, म्हणजे एकूण सत्तावीस हजारांच्या आसपास होईल. (हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, हेही ध्यानात असू द्यावे.)

अडचण आहे ती राजीनाम्याच्या वाक्याची. स्वतःहून नोकरी सोडणारा, स्वेच्छानिवृत्ती घेणारा किंवा शिस्तभंगाच्या कारवाईत काढला गेलेला कामगार या योजनेत बसत नाही. त्या एका वाक्यावर सही केली, की गेटवर जे घडले ते कागदावर उरतच नाही.

पगारपत्रक
मी वेतन विभागात काम करतो, म्हणून तारखेविषयी लिहितो. माझ्या मते या मसुद्यातील अधिक घातक गोष्ट तीच आहे. बेरोजगार होण्याच्या लगतच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान असावे लागते, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीतही तेवढेच. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. नोकरी १८ ऑक्टोबरला संपली असे धरल्यास लगतचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर २०२३ ठरतो आणि तो आपला पूर्ण भरलेला आहे. नोकरी एप्रिल २०२४ मध्ये संपली असे लिहिल्यास लगतचा कालावधी ऑक्टोबर ते मार्च होतो, ज्यात आपले जेमतेम पंधरा-सतरा दिवस भरतील. मधल्या महिन्यांचा पगार देऊन कंपनी त्यावर अंशदान भरणार असेल तर गोष्ट वेगळी, परंतु एकरकमी सानुग्रह रकमेवर ते कोणी भरत नाही.

मकरपुरा_ऑपरेटर
कंपनीचे वकील म्हणतात की राजीनामा ही केवळ औपचारिकता आहे, हवे तर दहा हजार वाढवून देतो.

श्रमसल्लागार
औपचारिकताच असेल तर ते वाक्य काढायला त्यांची हरकत नसावी! दहा हजारांसाठी सत्तावीस हजार सोडणे हा व्यवहार नव्हे, आणि प्रश्न तेवढ्याच रकमेचा नाही. औद्योगिक विवाद कायद्याखाली कपात (रिट्रेंचमेंट, म्हणजे मालकाने कामगार कमी करणे) झाल्याचे नोंदले गेले, तर किमान दोन वर्षे अंशदान भरलेल्याला ईएसआयसीच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा दरवाजाही उघडा राहतो. तेथे भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो, पहिले वर्ष वेतनाच्या ५० टक्के व दुसरे वर्ष २५ टक्के. राजीनामा दिला की तो मार्गही बंद, कारण कायद्याच्या कलम २(ओओ) मधील ‘कपाती’च्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती वगळलेली आहे.

म्हणून मसुद्यात ‘कामगाराची सेवा १८ ऑक्टोबर २०२३ पासून कपातीमुळे संपुष्टात आली’ असे लिहून घ्यावे. कलम २५एफ नुसार एक महिन्याचे नोटीस वेतन, दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांची भरपाई आणि ग्रॅच्युइटी यांचे आकडे वेगवेगळे दाखवावेत. एकाच आकड्यात सगळे गुंडाळले, तर पाच वर्षांहून अधिक सेवेमुळे आपल्या हक्काची असलेली ग्रॅच्युइटीच भरपाई म्हणून मिरवली जाते.

पगारपत्रक
आणखी एक कलम घालून घ्या. ईएसआयसीच्या पोर्टलवर मासिक अंशदान भरताना कामगाराच्या नावापुढे कारण निवडावे लागते, आणि त्या यादीत ‘नोकरी सोडली’ व ‘कपात’ ही दोन कारणे स्वतंत्र आहेत. घाईत पहिले निवडले जाण्याची शक्यता फार असते. आपल्या नावापुढे आधीच काय भरले गेले आहे ते सोमवारी सही करण्यापूर्वी कंपनीकडून दाखवून घ्यावे, आणि नोंद चुकीची असल्यास ती दुरुस्त करण्याची जबाबदारी मुदतीसह कंपनीवर टाकावी.