मदत हवी आहे: एकमेकांत न सामावणाऱ्या दोन नॉनलिनियर एसईएम (स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग) मॉडेलांची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी. पीएचडीसाठी सुमारे 400 परिचारिकांच्या सर्वेक्षणाचा डेटा आहे. कामाचा ताण आणि वरिष्ठांचा आधार हे दोन लेटंट व्हेरिएबल (थेट न मोजता अनेक प्रश्नांवरून काढलेले घटक), परिणाम म्हणजे भावनिक थकवा. एम-प्लस या सॉफ्टवेअरमध्ये एलएमएस (लेटंट घटकांचा गुणाकार किंवा वर्ग थेट मॉडेलमध्ये घेणारी) पद्धतीने तीन मॉडेलं चालवली: साधं रेषीय, ताण गुणिले आधार असलेलं आणि ताणाचा वर्ग असलेलं.

एलएमएसमध्ये काय-स्क्वेअर, सीएफआय, आरएमएसईए हे मॉडेल डेटाला किती जुळतं ते सांगणारे नेहमीचे आकडे मिळतच नाहीत. रेषीय मॉडेल बाकीच्या दोन्हींत सामावतं (त्यांतलं जादा पद शून्य केलं की तेच उरतं), त्यामुळे तिथे लाइकलिहुड रेशो टेस्ट (जादा पदाने मॉडेल डेटाला खरंच जास्त जुळतं का, याची चाचणी) केली, एमएलआर (डेटा नॉर्मल नसला तरी चालणारी अंदाजपद्धत) असल्याने स्केलिंग करेक्शनसह. तेवढं ठीक.

खरी अडचण पुढे आहे. गुणाकाराचं आणि वर्गाचं मॉडेल एकमेकांत सामावत नाहीत. पॅरामीटरांची संख्या सारखीच, म्हणजे बीआयसी घ्या नाहीतर एआयसी (मॉडेल निवडायचे निकष, जादा पॅरामीटरांना दंड लावणारे), शेवटी नुसत्या लॉग-लाइकलिहुडचीच तुलना. आणि बीआयसीतला फरक जेमतेम 2. त्यात ताण आणि आधार यांचा सहसंबंध -0.6! अशा वेळी वर्गाचा परिणाम गुणाकाराच्या रूपात दिसू शकतो, याचीच मला जास्त धास्ती वाटते. दोन्ही पदं एकत्र घातली तर स्टँडर्ड एरर (अंदाजांतली अनिश्चितता) फुगतात आणि एकही सिग्निफिकंट राहत नाही.

इथे व्हुआंग टेस्ट (एकमेकांत न सामावणाऱ्या मॉडेलांची लॉग-लाइकलिहुडवरून तुलना करणारी) चालेल का? आर भाषेतल्या लॅव्हान पॅकेजमध्ये ती सोपी आहे, पण मग एलएमएस सोडून प्रॉडक्ट इंडिकेटरकडे (प्रश्नांच्या उत्तरांचे गुणाकार वापरणाऱ्या पद्धतीकडे) वळावं लागेल. एम-प्लसमधून प्रत्येक परिचारिकेचं लॉग-लाइकलिहुड सेव्ह करून ही टेस्ट हाताने केली, तर इंटिग्रेशन पॉइंट (एलएमएस ज्या बिंदूंवर आकडेमोड करतं ते) बदलल्यावर निकाल किती हलतो? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा, सिंटॅक्स लगेच टाकते.