नव्या शहरात पहिली जागा घेताना : सांगली-मिरजेचे अनुभव

अकोलेकर_सांगलीत
काल ऑफिसातल्या नवीन पोरानं विचारलं, "मॅडम, गुंतवणुकीला प्लॉट घ्यायचाय, कुठला भाग बरा?" आणि आमचं सुरुवातीचं फिरणं आठवलं. बदलीनं आलेलो, ओळख कुणाची नाही. एजंट शामरावनगरच्या बाजूला घेऊन गेला. दर ऐकूनच नवरा खूश. "इथं पुराचं पाणी येत नाही वहिनी," एजंट म्हणे. शेजारच्या घरात प्यायला पाणी मागितलं, तर विजेचं मीटर माझ्या डोक्याच्या वर आणि फ्रिज कट्ट्यावर चढवलेला. एवढ्या वर का हो आजी? "एकोणीसच्या पुरानंतर चढवलं बाई सगळं." एजंट फोनवर बोलत बाहेर गेला तो गेलाच. 😄 शेवटी विश्रामबागेत जुना फ्लॅट घेतला, भाड्यानं दिलाय. तुमचं सांगा.

कृष्णाकाठ
कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. दर नंतर विचारा, आधी "२००५ सालचं पाणी कुठवर, एकोणीसचं कुठवर" हे विचारा. तेही एजंटला नाही, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला.

गुंठामंत्री
पाणी दिसतं तरी. कागद दिसत नाही. कुपवाडकडं एक गुंठा स्वस्तात मिळत होता. सातबारा काढला तर नावांची ही रांग, इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि मालक म्हणतोय नोटरी करून टाकू. नोटरीनं जागा नावावर होत नसती ओ. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट असतील तर नियमित केल्याचा दाखला मागा. कायदा २००१ चा, २०२१ ला दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात घेतले. त्यानंतरचा तुकडा गळ्यात मारत असतील तर चहा पिऊन उठा. आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी करून घ्या. घाईत आहे, कुकर लावलाय.

मी_मिरजकर
मिरजेत दवाखान्यांमुळं भाडेकरूची चिंता नाही. शिकाऊ डॉक्टर, नर्स, कायम मागणी. लहान फ्लॅट घ्या, लिफ्ट मात्र बघा. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट हा वेगळा धागा होईल.

हरिपूरची_सून
आमच्या मामांनी हरिपूरला जागा घेतली, पाया खणायला घेतला आणि जेसीबीचं चाक खाली! जुनं हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा निघाला. भरायला मुरूम किती लागला ते विचारू नका. मामी म्हणे, तळघर फुकट मिळालं की.

गुंठामंत्री
हळद निघाली का?

हरिपूरची_सून
चिखल. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली ना.

सातारी_कंदी
आम्ही साताऱ्याचे, पण धाग्यात शिरतो. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला, मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. पूर्वी तो पंधरा वर्षं पुरुषाला विकता यायचा नाही, ती अट २०२३ ला गेली. तेव्हापासून घरात "माझ्या घरात चपला घालून फिरू नका" ऐकतोय.

कृष्णाकाठ
🤣 वहिनींना भाडं द्या.

अकोलेकर_सांगलीत
@गुंठामंत्री सर्चचं त्या पोराला सांगते. इसार देऊन बसलाय असं आत्ताच कळलं. 🤦‍♀️

गुंठामंत्री
इसार पावतीवर "कागदपत्रं निर्वेध नसल्यास रक्कम परत" लिहिलंय का ते आधी बघायला सांगा. नसेल तर आजच वकील गाठा.

मी_मिरजकर
विषयांतर: उद्या पाहुणे येताहेत, सांगलीत भडंग कुठलं घेऊ? लसणाचं हवंय, गोडसर नको.

हरिपूरची_सून
घरी करा ओ. चुरमुरे आणून ठेवा, रेसिपी पाठवते.