रानात पाणी पाजायला लांब फोकसची बॅटरी? हा सल्ला मागं घ्या

वाळव्याचा ऊसकरी
काल इथं एका ट्रेकर मित्रानं लिहिलं, "बिबट्याच्या पट्ट्यात राहत असाल तर लांब फोकसचीच बॅटरी घ्या, पसरट उजेडाची बॅटरी अंगणापुरती." डोकं तापलं, कारण आमच्या गावची पोरं तेच वाचून तसल्या बॅटऱ्या मागवायला लागलीत.

रात्री लाईट आली की मोटर चालू करायची, पाटाच्या कडंनं जायचं, सरी भरली का बघायची, सरीच्या तोंडची मातीची दारं मोडून पाणी पुढच्या सरीला लावायचं. सगळं काम पायापासून चार-पाच पावलांत. तिथं लांब फोकस मारला की एक पांढराफेक गोळा पडतो, डोळे त्यालाच सरावतात आणि बाजूचा बांध काळाकुट्ट होतो. घोणस असते त्या काळ्यात. पाचटावर पडलेली घोणस दिवसाढवळ्या दिसत नाही, तिथं रात्रीचं काय! मण्यार तर चावली तरी बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही. मला दोन्हीकडच्या सऱ्या दिसतील असा रुंद, मऊ उजेड पाहिजे. बिबट्या दोनशे मीटरवर दिसून मी करणार काय?

पाटणचा वाटसरू
ते लिहिणारा मीच. काय करणार म्हणजे? मागं फिरणार, दादा! आमच्या वाडीच्या वाटेवर चुलते आणि मी रात्री परतत होतो. चुलत्यांच्या हातात तुमची ती पसरट बॅटरी. त्यांना पुढं नुसता अंधार. माझा झोत वळणावरच्या गडग्यावर गेला तर दोन डोळे चमकले. मोठ्यानं बोलत, पाठ न दाखवता मागं सरलो. बिबट्याचे डोळे चमकतात ते उजेड तिथवर पोचला तर. सापाचं भ्या मलाही आहे, पण त्याला गुडघ्याएवढे गमबूट आहेत. बिबट्याला कुठले बूट घालता?

वाळव्याचा ऊसकरी
तुमच्या वाटेवर पुढं मोकळं आहे. आमच्या उसात पुढं पुरुषभर उंच भिंत असते. कितीही लांबचा फोकस मारा, पहिल्या पाल्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. आणि चिखलात गमबूट रुततो, हे दारं मोडणाऱ्याला सांगू नका.

तासगावची मास्तरीण
दोघंही आकडे न बघता भांडताय. लुमेन म्हणजे बॅटरीतून निघणारा एकूण उजेड, कॅन्डेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय. खोक्यावरचं अंतर मोजतात ते उजेड पाव लक्स उरेल तिथवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. 10,000 कॅन्डेलाला ते 200 मीटर भरतं. अंतर दुप्पट हवं तर कॅन्डेला चौपट, म्हणजे 40,000 लागतात. लुमेन तेवढेच ठेवून ते मिळवायचं तर झोत अरुंदच होणार. आणि चांदण्याइतक्या उजेडात नीट दिसत नाही, म्हणून खोक्यावरच्या अंतरातलं निम्मंच खरं धरा. आतला आरसा गुळगुळीत असेल तर फोकस टोकदार, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर कडा विरतात. घेताना काचेतून आत बघा, दुकानदाराला विचारू नका.

मिरजेचा पाटकरी
मुळात माणसानं रात्री रानात जायचंच का? यावर कुणी बोलत नाही. कारखान्याला दिवसा लाईट, शहराला दिवसा लाईट, शेतीपंपाची थ्री फेज मात्र आठवडा आलटून पालटून रात्रीची. माझ्या भावाला रात्री पाणी पाजताना साप चावला. वाचला, पण बोट गेलं. त्याच्या हातात कुठली बॅटरी होती हे मला नका विचारू.

कडेगावकर
वाईट झालं. पण रात्रीचं रडगाणं किती दिवस? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, तिचा उद्देशच दिवसा लाईट देणं. ज्या फीडरवर, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या लाइनवर, काम झालं तिथली माणसं रात्री झोपतात. सौर पॅनेल बसवायला ग्रामपंचायतीनं जागा द्यायला पुढं यावं लागतं. तुमच्या गावानं दिली का?

मिरजेचा पाटकरी
रडगाणं? बोट माझ्या भावाचं गेलंय, साहेब. गायरान आधीच वाटून खाल्लंय, जागा आणायची कुठनं?

कडेगावकर
मग भांडण गायरान खाणाऱ्यांशी आहे, माझ्याशी नाही. शब्द लागला असेल तर "रडगाणं" मागं घेतो. मुद्दा मागं घेत नाही.

वाळव्याचा ऊसकरी
दिवसा लाईट मिळाली तर मीच पेढे वाटीन. पण तोवर आज रात्री जाणाऱ्याच्या हातात काय द्यायचं ते बोला की! एक राहिलं: निळसर पांढरा उजेड घेऊ नका. पाचट आणि घोणस त्यात एकाच राखाडी रंगाची दिसतात. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; 4000 केल्विनच्या आसपासचा, रंग खरे दाखवणारा घ्या.

साताऱ्याचा गडकरी
पावसाळ्यात कासला या. धुक्यात डोक्याला लावलेली पसरट बॅटरी म्हणजे डोळ्यांपुढं पांढरी चादर, कारण धुक्यावरनं परतलेला उजेड थेट डोळ्यात येतो. अरुंद झोत कंबरेजवळ धरला तर निदान पायवाट दिसते. पसरटवाल्यांनी हे एकदा बघावं.

वाळव्याचा ऊसकरी
धुक्याचं मान्य. वाळव्यात धुक्यात पाणी पाजत नाही कुणी.

पाटणचा वाटसरू
उसात पसरट घ्या, बास? पण 2019 च्या महापुरात पाण्यापलीकडच्या छपरावर माणूस आहे का, हे लांब फोकसनंच कळत होतं. तेव्हा "अंगणापुरती" हा शब्द काढतो, बाकी पोस्ट तशीच राहील. आणि दोन्ही पाहिजे म्हणून कुणी झूमची घेऊ नका. पुढं-मागं सरकणाऱ्या तोंडातनं पाणी शिरतं.

वाळव्याचा ऊसकरी
शब्द काढून भागत नाही. "बिबट्याच्या पट्ट्यात" म्हटलं की शिराळा, वाळवा, कराड सगळं आलं, आणि तिथला निम्मा माणूस रात्री उसातच असतो. "मोकळ्या वाटेवर" एवढं घाला, मग माझी हरकत नाही.

पाटणचा वाटसरू
घातलं. बघा.